मांजरीचं बाळंतपण

मांजराला लसूण चालत नाही हे आमच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं काही कारणही नव्हतं. मांजर उंदीर खायचं, ताटातून भाकरीचा तुकडा पडला तर तो खायचं, आणि म्हैस पिळताना आईच्या पायाशी येऊन बसलं तर आई एखादी धार त्याच्या तोंडावर सोडायची. त्याला काय द्यावं आणि काय देऊ नये याचा विचार करणारं माणूस तेव्हा दिघीत शोधून सापडलं नसतं. पण त्या हिवाळ्यात आमच्या घरात एकाच वेळी दोन बाळंतिणी होत्या. एक माझी थोरली बहीण, दुसरी मांजरी. दोघी जगतात की नाही असे ते दिवस होते, आणि आधी ते आम्हाला कळलंही नाही.

तेव्हाची दिघी म्हणजे चार आळ्या, एक मारुतीचं देऊळ आणि पलीकडे लष्कराची हद्द. हद्दीत सराव चालला की आवाज यायचे, ताडताड, मग बराच वेळ काही नाही, मग परत ताडताड. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. घर पत्र्याचं, तीन खोल्यांचं, मागं गोठा आणि कडब्याची खोली. आबा, म्हणजे माझे वडील, पिंपरीला कंपनीत होते. सायकलवर जायचे आणि शिफ्ट सुटली की सायकलवरच यायचे, आल्यावर चाकाची माती झाडायच्या आधी म्हशीपुढं वैरण टाकायचे. शेत आई बघायची. माझी शाळा चौथीनंतर सुटली होती. सुटली म्हणजे मी सोडली नाही, कुणी सोडवलीही नाही. अक्काचं लग्न झालं, घरात पाणी भरायला माणूस उरलं नाही, आणि मी एक दिवस हंडा घेऊन गेले ती दुसऱ्या दिवशीही गेले. असं झालं ते.

अक्काला दिली होती खेडच्या बाजूला. पहिलं बाळंतपण सासरी झालं, पोर दोन दिवसांचं होऊन गेलं. त्यावर तिची सासू आईला तोंडावर म्हणाली होती, ‘‘तुमच्या पोरीच्या अंगात रगतच न्हाई, पोर कशाच्या जिवावर जगंल.’’ आई तिथं काही बोलली नाही. घरी येईपर्यंत बोलली नाही. घरी येऊन तिनं पाण्याचा तांब्या इतक्या जोरात खाली ठेवला की त्याला पोचा पडला. तो पोचा पडलेला तांब्या पुढं कितीतरी वर्षं आमच्याकडं होता. तेव्हाच आईनं ठरवलं होतं की पुढचं बाळंतपण इथं होईल आणि तिच्या हातून होईल. आळीत कुणाची लेक बाळंत झाली की आईला विचारायला यायचे, मेथी किती, अळीव किती, पोराच्या गुटीला वेखंडाचे वळसे किती. आई सांगायची आणि तसंच करवून घ्यायची. त्यामुळं स्वतःच्या लेकीचं करताना तिनं कुठं कमी केलं असेल असं कुणी म्हणू शकलं नसतं.

अक्काला मुलगी झाली. सुईण जुनी, हात हलका, सगळं घरीच झालं. पोर रडलं, आईनं थाळी वाजवली, आणि त्या क्षणापासून मधल्या खोलीची खिडकी गोणपाट लावून बंद झाली. बाळंतिणीला वारा लागता कामा नये. बाजेखाली शेगडी. शेगडीत सकाळ-संध्याकाळ ओवा, बाळंतशेपा आणि वेखंडाची भुकटी, त्याचा धूर खोलीभर. अक्काला रोज तेल-हळद चोळून कढत पाण्यानं अंघोळ, आणि ती हळद अशी की अक्काचं तोंड, हात, पाय, अंथरूण, सगळं पिवळं. आणि खायला बाजरीची गरम भाकरी, तिच्यावर लसणाचं तूप. ते तूप आई कसं करायची ते मला अजून दिसतं. गड्डाच्या गड्डा सोलायचा, पाट्यावर जाडसर ठेचायचा, कढईत म्हशीचं तूप चुलीवर चढवून त्यात तो ठेचा सोडायचा. चर्र आवाज आला की घरभर वास, आणि लसूण तांबूस झाला की कढई खाली. भाकरी कुस्करून, त्यावर ते ओतून, अक्कापुढं ठेवायची. ‘‘खा. दूध येतं.’’ अक्का खायची. पहिल्या दिवसांत चाटून पुसून खायची.

मांजरी त्याच आठवड्यात व्याली. तिला नाव नव्हतं, कुणी ठेवलं नव्हतं. भुरी होती, एक कान फाटलेला. धान्याच्या कणगीपाशी बसायची म्हणून घरात होती. मला ती आवडायची नाही, ती माझ्या अंथरुणात पाय पुसायची. ती नेमकी अक्काच्या बाजेखाली, शेगडीच्या उबेला, जुन्या लुगड्याच्या चिंधीवर व्याली. तीन पिल्लं. मला वाटलं आई आता झाडू घेईल. पण आई वाकून बघत राहिली, आणि म्हणाली, ‘‘आली का तू पन माह्यारपनाला?’’

अक्का बाजेवरून म्हणाली, ‘‘राहू दे तिला आई. शकुन चांगला हाय.’’

‘‘राहू दे तर राहू दे. बाळंतीण ती बाळंतीण. तिला काय कुनी आई हाय करायला?’’

आणि आईनं करायला घेतलं. मांजरीसाठी एक जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, वाटी वेगळी काढली. अक्काची भाकरी झाली की कढईत राहिलेलं तूप, तळाशी बसलेला लसणाचा ठेचा सगळा, भाकरीच्या चुऱ्यावर निपटायचा आणि वाटी माझ्या हातात द्यायची, सरकव बाजेखाली. दूध पाजून रिकामी झालेली मांजरी, तिला तूप मिळालं, ती कशाला सोडते. लसूण असो नाहीतर आणखी काही, ती वाटी वाजेपर्यंत चाटायची. आई खूश व्हायची. ‘‘बघ कशी खाती. तुझ्यापरीस बरी,’’ असं अक्काला म्हणायची, कारण तोवर अक्काचं खाणं कमी व्हायला लागलं होतं.

मांजरीला एक गोष्ट मात्र पटत नव्हती, ती म्हणजे धूर. शेगडीत ओवा-शेपा पडला की ती शिंकायची, डोळे मिटून घ्यायची, आणि मग एकेक पिल्लू मानेला धरून मागं कडब्याच्या खोलीत नेऊन ठेवायची. आई तिथून पिल्लं उचलून पुन्हा बाजेखाली आणायची. ‘‘थंडीत कुठं नेतीस गं लेकरं. अक्कल न्हाई तुला.’’ मांजरी परत न्यायची. आई परत आणायची. त्या दोघींचं हे दिवसभर चालायचं. शेवटी शेवटी मांजरीनं नेणं बंद केलं. आईला वाटलं समज आली. समज आली नव्हती, तिच्यात उचलायचं बळ राहिलं नव्हतं.

इथं थोडं आजचं सांगते. माझी नात सायली मारुंजीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. कंपनीचं काम ती घरूनच करते आणि सोबतीला एक मांजर ठेवलं आहे, त्याचं नाव बिस्किट. मी तिच्याकडं चार दिवस राहायला गेले तेव्हा बघितलं, गॅलरीत कुंड्यांची रांग. तुळस, पुदिना, कोथिंबीर, गवती चहा, कोरफड, ओव्याचं पान. आणि ते मांजर एकेक हुंगत, चावत फिरत होतं. मी म्हटलं, ‘‘बाई, हे सगळं त्याला चालतं का?’’ ती म्हणाली, ‘‘आजी, झाडपाल्याचंच तर आहे, घरचं. त्यात काय असणार?’’ मला माझी आईच बोलल्यासारखं वाटलं. मी तिला मांजराच्या डॉक्टरकडं पाठवली. तिनं येऊन सांगितलं ते असं: तुळस आणि कोथिंबीर चावली तर काही नाही. पुदिना एखादं पान ठीक, पण रोज पोटभर नको. गवती चहा जास्त खाल्ला तर पोट बिघडतं. कोरफड आणि ओव्याचं पान त्याला पोचणार नाही असं ठेवायचं, त्यानं ओकाऱ्या होतात. कांदा, लसूण, मग तो कच्चा असो, शिजलेला असो, तळलेला असो की भुकटी, अजिबात नाही. खोलीत निलगिरीच्या तेलाची वाफ सोडणारं एक यंत्र होतं तेही डॉक्टरनं बंद करायला लावलं, कारण मांजर अंगावर बसलेलं सगळं चाटतं आणि ते तेल त्याला पचत नाही. सायलीनं कोरफड आणि ओव्याचं पान मला देऊन टाकलं. माझ्या दारात आहे आता. मला त्यानं ओकारी होत नाही.

तर मांजरी पडून राहायला लागली. पिल्लं अंगावर चढून ओढायची आणि ती नुसती श्वास टाकत असायची, भराभर, उन्हात पळून आल्यासारखी. वाटी पुढं केली तरी मान उचलेना. आईनं त्यावर उपाय काढला तो म्हणजे तूप जास्त. बोटानं तिच्या तोंडात लावायची. ‘‘चाट गं बाई. अंगात ताकद कशी यायची?’’ आणि वर बाजेवर अक्काही पडूनच असायची. पण बाळंतीण पडलेली असते, त्यात कुणाला काही वाटलं नाही. ती पोराला पाजायची आणि पाजता पाजता डोळे मिटायची. उठून न्हाणीपर्यंत जाताना भिंतीला हात लावत जायची. आई तिलाही म्हणायची, ‘‘खा गं बाई.’’ अंधारी खोली, धूर, हळद. कोण कुठल्या रंगाचं आहे ते दिसायची सोयच नव्हती.

बबनमामा आला तो बाळाला बघायला. माझ्या आईचा धाकटा भाऊ, चाकणजवळ त्याची कांद्याची शेती. तो कधी हलक्या हातानं यायचा नाही, कांद्याचं पोतं घेऊन यायचा, आणि तोंडही त्याचं कधी बंद नसायचं. भाचीच्या लेकीच्या हातावर रुपया ठेवला, तिच्या नाकाबद्दल काहीतरी बोलला, मग वाकून बाजेखाली बघितलं.

‘‘ताई, हे मांजार असं का पडलंय?’’

‘‘बाळंतीण हाय ती. पडंल न्हाई तर काय नाचंल?’’

‘‘बाळंतीण अशी धापा टाकीत न्हाई.’’ मामानं हात घालून मांजरीला मानेला धरून बाहेर काढली आणि ओट्यावर उन्हात आणली. ती चिंधीसारखी लोंबत होती. मग तो पुन्हा आत गेला, तिच्याखालचं लुगड्याचं फडकं घेऊन आला आणि उन्हात धरलं. त्यावर काताच्या रंगाचे डाग होते, तांबूस काळे. मामानं ते नाकाला लावलं. आईनं तोंड फिरवलं.

‘‘ही लाल मुतती व्हय?’’

‘‘मी काय तिच्या मुतावर ध्यान ठिवून बसलीय?’’

‘‘आमची कपिली अशीच मुतत व्हती,’’ मामा म्हणाला. कपिली म्हणजे त्याची गाय. ‘‘कांदाचाळीतला सडका कांदा बांधावर टाकला व्हता, ती दावं तोडून त्यात जाऊन बसली. चांगला पोटभर खाल्ला. मग लाल मुताया लागली आन् बसली ती उठंना. जनावरांचा डाक्तर आला, म्हनला, कांद्यानं रगात फुटतं जनावराचं आन् मुतातनं जातं. हिला कांदा कोन घालतंय?’’

‘‘कांदा कशाला घालीन मी? मांजार कांदा खातं का?’’

‘‘मग काय घालतीस?’’

आई पदर खोचायला लागली. मी म्हटलं, ‘‘लसणाचं तूप.’’

मामा आधी हसला. ‘‘ताई, मांजराला लसनाचं तूप? दाजींना तरी मिळतं का कधी?’’ मग त्याचं हसणं थांबलं. ‘‘पर लसून काय न् कांदा काय. दोन्ही एकाच वाफ्यातलं. वास बी तोच.’’

‘‘वरच्या बाळंतिणीला चालतंय ते खालच्या बाळंतिणीला का न्हाई चालनार?’’ आईचा आवाज चढला.

‘‘मानूस बिडी बी वढतो ताई. म्हशीला दिलीस का कधी?’’

मामानं मांजरीचा वरचा ओठ अंगठ्यानं वर केला आणि मला जवळ बोलावलं. ‘‘हे बग कुशे. हितं हिरडी गुलाबी पायजे. डाक्तरानं मला गाईची अशीच दाखिवली.’’ मांजरीची हिरडी धुतलेल्या तांदळासारखी होती. दात आणि हिरडी कुठं वेगळी होते ते कळत नव्हतं. ‘‘रगात न्हाई ऱ्हायलं हिच्यात.’’

‘‘कपिलीचं काय झालं मग?’’ मी विचारलं.

‘‘गेली,’’ मामा म्हणाला.

आई उठली. जर्मनची वाटी घेऊन मोरीत गेली आणि राखेनं घासायला बसली. ती वाटी आधी कुणी घासायचं नाही, मांजराची वाटी मांजरच साफ करतं. आई ती घासत राहिली. मी पाणी घालायला गेले तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘‘हातून मांजार मेलं तर सोन्याचं मांजार करून काशीला द्यावं लागतं.’’

मामानं ओट्यावरून ऐकलं. ‘‘गळ्यातल्या डोरल्यात भागंल का बघ ताई. पिल्लाएवढं तरी व्हईल.’’

एरवी आई त्याला याच्या दुप्पट बोलली असती. ती नुसती म्हणाली, ‘‘सोन्याचं न्हाई रे बबन. बाळंतीण माझ्या हातची जायला नको. ह्या घरात तर नकोच.’’

मामा मग थांबला दोन दिवस. मांजरीची बाज, म्हणजे फडकं, आईनं स्वतः उचलून कडब्याच्या खोलीत नेलं, तीच खोली जिथं मांजरी आधी पिल्लं नेत होती. आमच्या शेजारी हमीदाचाची राहायची. तिच्या नवऱ्याचं भोसरीला गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि तिच्याकडं कायम चारपाच मांजरं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘हमारे घर में मांजर को मसाले का कुछ नहीं देते. का ते मला माहीत नाही बाई, सासू देत नव्हती म्हणून मी पण नाही.’’ आणि एका पानात उकडलेली मासळीची डोकी आणून दिली. माझ्याकडं काम एवढंच की मांजरीला सादं दूध आणि ती डोकी खायला घालायची, आणि रोज सकाळी ओठ वर करून हिरडी बघून आईला सांगायचं. मी सांगायचे, पांढरी. आई मान हलवायची आणि कामाला लागायची.

मामा जायचा त्या दिवशी सकाळी मांजरीचा ओठ बघून मी न्हाणीत गेले, अक्काला पाणी घालायला. न्हाणीवरचा पत्रा एका जागी फाटलेला होता, तिथून उन्हाचा पट्टा आत पडायचा. अक्का पाटावर बसली होती, हळद धुतली जात होती, आणि तिचं तोंड नेमकं त्या पट्ट्यात आलं. ओठ मला चुन्यासारखे दिसले. मी तांब्या ठेवला.

‘‘अक्का, तोंड उघड.’’

‘‘कशाला गं?’’

‘‘उघड म्हन्ते ना.’’

तिला वाटलं मी चेष्टा करते. तिनं मांजरीसारखं तोंड वासलं. मी अंगठ्यानं तिचा वरचा ओठ वर केला. आत तेच होतं, धुतलेले तांदूळ.

मी तशीच ओल्या हातांनी चुलीपाशी गेले आणि आईला म्हटलं, ‘‘अक्काची हिरडी पन पांढरी हाय.’’

आई म्हणाली, ‘‘गप. तोंडाला येईल ते बोलती.’’

‘‘पांढरी हाय. मांजरीसारखीच.’’

आईनं पळी कढईत टाकली आणि न्हाणीत आली. अक्काची हनुवटी धरून तिनं तोंड उन्हात फिरवलं, ओठ वर केला, मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. बराच वेळ तिनं हनुवटी सोडली नाही. मग एकदम खालच्या आवाजात विचारलं, ‘‘मंदे, अंगावरनं जायचं थांबलं म्हनलीस ना तू मला?’’

अक्का पाटाची कड नखानं खरवडायला लागली.

‘‘थांबलं का न्हाई?’’

‘‘न्हाई,’’ अक्का म्हणाली. ‘‘जास्तच जातंय.’’

‘‘मग सांगितलं का न्हाई?’’

‘‘सांगून काय? परत म्हनतील, हिच्यात रगतच न्हाई. त्यांना कळलं तर ह्या बी पोरीला तेच म्हनतील.’’ रक्ताची फडकी ती आपली आपण धुवायची, आम्ही कुणी उठायच्या आधी. मला त्यातलं तेव्हा काही कळत नव्हतं, पण आईला सगळं कळलं. आई तिथं न्हाणीच्या ओल्या फरशीवरच बसली. आणि तिनं विचारलं ते मला, ‘‘लसनानं झालं का गं हे?’’ तिला खरंच तसं वाटलं. मांजरीचं जे झालं तेच लेकीचं झालं, आणि दोन्ही तिच्याच कढईतून.

लसणानं अक्काला काही झालं नव्हतं. डॉक्टरनं नंतर सांगितलं, बाळामागं पडते त्या वारेचा तुकडा आत राहिला होता, त्यानं रक्त थांबत नव्हतं. पण ते नंतर. त्या सकाळी कुणालाच काही माहीत नव्हतं. आबा पहिल्या शिफ्टला गेलेले. मामा धावत हमीदाचाचीकडं गेला आणि तिचा नवरा, आम्ही त्याला चाचा म्हणायचो, घरीच होता. गॅरेजला आलेला कुणाचातरी टेम्पो त्याच्या दारात उभा होता. मामा म्हणाला, ‘‘चाचा, गाडी दुसऱ्याची हाय, मालक काय म्हनल?’’ चाचा म्हणाला, ‘‘ब्रेक केलाय दुरुस्त. ट्रायल तर घ्यायलाच पायजे ना भाऊ.’’ गाद्या टाकल्या, अक्काला झोपवलं, आई पोराला घेऊन तिच्याजवळ, मामा मागं फळीला धरून उभा, आणि टेम्पो पिंपरीच्या दवाखान्याकडं गेला. मी आळीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. म्हैस होती, चूल पेटलेली होती. कढईतलं तूप जळून गेलं होतं. मी ती कढई उतरवली.

ते दिवस मी आणि मांजरी असे होतो. आबा दवाखान्यातून कंपनीत आणि कंपनीतून दवाखान्यात, मध्ये म्हशीसाठी घरी. ते एवढंच सांगायचे, ‘‘तुकडा काढला. आता रगात चढवायचं म्हनतात.’’ मग, ‘‘बबनचं जुळलं.’’ मग काहीच नाही, कारण ते चूळ भरतानाच डुलक्या घ्यायचे. अक्का वाचेल का, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं तर ते खरं काय ते सांगतील म्हणून. मी कडब्याच्या खोलीत बसून मांजरीला दूध पाजायचे. वाटीतून पीत नव्हती तर कापसाच्या बोळ्यानं. पिल्लांना हमीदाचाचीच्या एका दुसऱ्या मांजरीपाशी लावलं, तिचीही लहान होती, तिनं घेतली. आणि रोज सकाळी मी ओठ वर करून बघायचे. सांगायला घरात कुणी नसायचं, तरी बघायचे. मांजरीवर माझं प्रेम जडलं असं मुळीच झालं नाही. पण हिचा रंग फिरला तर तिकडचा फिरेल असं माझ्या डोक्यात कुठूनतरी बसलं होतं, आणि ते काढता येत नव्हतं. एका सकाळी हिरडीच्या कडेला, दाताच्या मुळाशी, एक रेघ गुलाबी दिसली. बाळाच्या नखाएवढी असेल. मी मांजरीला उन्हात नेऊन परत बघितली. होती. त्यानंतर मी म्हशीचं शेण काढलं, झाडलोट केली, सगळं केलं, पण काय केलं ते मला आठवत नाही.

आबा दुपारी आले आणि मी त्यांना काही बोलू न देता सांगितलं, ‘‘मांजरी उठली.’’ आबा सायकल भिंतीला टेकवत म्हणाले, ‘‘मंदी पन बसली आज उठून. चा मागितला.’’

अक्का घरी आली तेव्हा मामा तिच्याआधी टेम्पोतून उतरला आणि आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘माझं रगात हाय आता भाचीत. सासूला सांगा, चाकणचं हाय, कांद्यावर पोसलेलं.’’ सासू आली होती बघायला. तिला आई तोंडावर काही बोलली नाही, या वेळीही नाही. पोचा पडलेल्या तांब्यानं तिला पाणी दिलं, एवढंच. मामा मात्र पुढं जन्मभर अक्काच्या घरी मटणाच्या पहिल्या वाढीवर हक्क सांगत राहिला, आणि अक्कानं तो कधी मोडला नाही.

मधल्या खोलीच्या खिडकीचं गोणपाट आईनं काढलं. धूर ठेवला, पण पोराला बाहेर नेऊन मग. लसणाचं तूपही ठेवलं, अक्का पुन्हा ते खायला लागली आणि तिला ते मानवलं. फक्त फोडणीच्या आधी आई थोडं सादं तूप आणि भाकरीचा तुकडा बाजूला काढायची. जर्मनची वाटी वेगळ्या फळीवर असायची, आणि तिला कुणी कांद्याचा हात लावला तर आई हात धुवायला लावायची, मला, आबांना, पाहुण्याला सुद्धा. लोक हसायचे, भटाच्या घरी सोवळं, हिच्या घरी मांजराचं. आई म्हणायची, हसा.

ती मांजरी पुढं पुष्कळ जगली. कणगीपाशी म्हातारी होऊन मेली, आणि काशीला काही पाठवावं लागलं नाही. अक्का दर दिवाळीला माहेरी यायची. ती उंबऱ्यात आली की आई भाकरतुकडा ओवाळून टाकायची, आणि पाणी द्यायच्या आधी तिची हनुवटी धरून तिला उजेडाकडं वळवायची, अंगठ्यानं वरचा ओठ वर करायची. अक्काच्या मुलीचं आणि मागनं झालेल्या मुलाचं लग्न झालं तरी हे चाललं होतं. अक्का म्हणायची, ‘‘आई, सून हाय मागं, बघती.’’ आई म्हणायची, ‘‘बघू दे. तिचा पन बघते.’’

शेवटी आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढले. माणूस दारात आलं तर सावलीवरून ओळखायची, रंग काही दिसत नसे. तरी अक्का आली की तिचा हात वर जायचा, चाचपत हनुवटी सापडायची, ओठ वर व्हायचा. आणि मग ती मान माझ्याकडं फिरवून विचारायची, ‘‘कुशे, लाल हाय का गं?’’

मी जवळ जाऊन बघायचे. न बघता कधी सांगितलं नाही.

‘‘हाय,’’ म्हणायचे.

मग ती हात खाली घ्यायची आणि पाणी आण म्हणायची.